रॉय केसलरची कबुली

डॉमिनी, म्हणजे आमचे पाळक, तीनला येणार होते, म्हणून मार्लीन दीडलाच येऊन बसली. सासरी पाळक यायचे असले की सुनेने आधी हजर असावं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या न्यू बोल्सवर्डमध्ये असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आल्या आल्या तिने बैठकीतल्या खुर्च्या मोजल्या, एक कमी पडत होती ती स्वयंपाकघरातून ओढत नेली, आणि मग ओट्यापाशी उभ्या असलेल्या नणंदेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हाच झगा घालणार आहेस?"

"घातलाय," आलिडा म्हणाली.

"नाही, निळा छानच दिसतो तुला. पण आज डॉमिनींसमोर राखाडी बरा वाटला असता."

"मी लग्नाची परवानगी मागायला बसणार आहे, वहिनी. कुणाच्या मयताला नाही."

"तोंडं आवरा दोघी," आलिडाची आई फेना म्हणाली. ती मान वर न करता बदामाचं सारण भरलेली लांब पोळी कापत होती. सात माणसं, प्रत्येकी दोन कप कॉफी, एका कपाला एक तुकडा. चौदा तुकडे झाले आणि तिने डबा बंद करून फळीवर ठेवला. पंधरावा तुकडा या घरात पाळकांनासुद्धा मिळालेला नाही.

खिडकीबाहेर वितळत्या बर्फाच्या चिखलात वेंडेल डायखाउसची पिकअप उभी होती. वेंडेल एक वाजल्यापासून टाय बांधून आत बसला होता.

"अगं, त्याला घरात तरी बोलाव," फेना म्हणाली.

"दोनदा बोलावलं, आई. वेळ झाली की येतो म्हणतो."

"वेळेच्या बाबतीत चोख आहे हो," मार्लीन म्हणाली. तिला ते चांगलं म्हणायचं होतं की वाईट, हे तिलाही माहीत नसावं.

मार्लीनचं दुखणं वेगळंच होतं. जूनमध्ये तिच्या बेट्सीचं लग्न होतं, आणि सोयरे होते शेजारच्या गावचे, आमच्याहून दोन बोटं जास्त कडक. घटस्फोटित आत्या पुन्हा लग्न करतेय हे त्यांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील, या काळजीने ती फेब्रुवारीपासून धड झोपली नव्हती. नणंदेचा तिला राग नव्हता. तिला फक्त हे सगळं जूननंतर व्हायला हवं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं थांबलीस, तर आणखी चार महिने—"

"वहिनी, मी चाळीस वर्षांची आहे."

"मी आपलं म्हटलं."

"म्हणू नका."

प्रश्न गावातल्या पोरासोरांनाही पाठ होता. आलिडाचा नवरा रॉय केसलर अकरा वर्षांपूर्वी घर सोडून ओरेगनला गेला, आणि तिथल्या कोर्टातून त्याने घटस्फोट पाठवला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोर्टाच्या कागदाने लग्न मोडत नाही. ते मोडतं दोनच कारणांनी. एक म्हणजे व्यभिचार. पण रॉय ओरेगनच्या कुठल्याशा लाकूडगिरणीत एकटाच राहत होता, अगदी चोख, बाई ना बाटली. ("तेवढंसुद्धा धड जमलं नाही त्याला," मार्लीन म्हणायची.) दुसरं कारण बायबलातल्या पौलाचं: ज्याचा विश्वास नाही असा जोडीदार आपणहून सोडून गेला, तर मागे राहिलेलं माणूस बांधलेलं नाही. हे आलिडाला तंतोतंत लागू पडलं असतं. अडचण एवढीच, की रॉयचा विश्वास होता. निदान तसं त्याने १९५२ साली इस्टरच्या आधीच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगितलं होतं, आणि त्यानंतरच त्यांचं लग्न लागलं होतं. तो बाहेरून आलेला, वीज कंपनीच्या तारा ओढणारा माणूस. पण कबुली दिली त्या दिवसापासून तो आमचा बंधू झाला. बंधू पळून गेला, तर त्याच्या परतण्याची वाट बघायची. आलिडा अकरा वर्षं वाट बघत होती.

आता वेंडेल आला होता. विधुर, गावाबाहेर शंभर गाई, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. मंडळीची परवानगी नसेल तर तो लग्न करणार नव्हता, आणि त्याला सोडून आलिडा दुसऱ्या कुणाशी करणार नव्हती. आज 'नाही' म्हटलं गेलं, तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

*

तीनला पाच मिनिटं असताना हेसेल, आलिडाचा थोरला भाऊ आणि मार्लीनचा नवरा, डॉमिनींना घेऊन आला. हेसेल पंच होता आणि मंडळीचा चिटणीसही, त्यामुळे सभासदांची जाड वही त्याच्या काखेत होती. खरं तर बहिणीच्या प्रकरणात भावाने बसू नये. पण आमच्या मंडळीत चाळीस घरं, त्यांतली एकोणीस याच हीमस्ट्रा कुळातली; नातेवाईक वगळले तर पंचांची बैठकच भरायची नाही.

डॉमिनी व्हॅन एसन तिशीचे होते, ग्रँड रॅपिड्सहून आलेले, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बैठकीत हात कुठे ठेवावेत हे त्यांना अजून समजलं नव्हतं. वीबे हीमस्ट्रा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत होता. शहात्तर वर्षांचा, त्यांतली तीस वर्षं पंच. त्याने डॉमिनींशी हात मिळवला, वेंडेलला "बस" म्हटलं, आणि मुलीकडे बघितलं नाही.

प्रार्थना झाली. कॉफी झाली. तुकडे वाटले गेले.

"मी सरळच बोलतो," हेसेलने सुरुवात केली. त्याने गेला आठवडाभर या भाषणाची तयारी केली होती. गोठ्यात गाईंसमोर दोनदा म्हणूनही बघितलं होतं. "माझं मत आलिडाच्या बाजूने आहे. रॉयचं वागणं बघा. गेल्यापासून एकाही मंडळीत त्याने पाऊल ठेवलेलं नाही. आपली पत्रं त्याने न फोडता परत पाठवली. अशा माणसाला बंधू कसं म्हणायचं? आज त्याचा विश्वास नाही, हे उघड आहे."

"आज नसेल," डॉमिनी म्हणाले. "पण लग्न झालं तेव्हा होता की नव्हता, हा प्रश्न आहे. होता आणि मग ढळला, तर तो वाट चुकलेला बंधू. त्याच्यासाठी प्रार्थना करायची, वाट बघायची. मुळातच नव्हता, तर गोष्ट वेगळी. मला नियम वाकवता येणार नाही, हेसेल. येत असता तर मी महिन्यापूर्वीच वाकवला असता."

"माणसाच्या आतलं कोण बघणार?" मार्लीन म्हणाली. "वहीत नाव आहे ना? मग झालं तर."

"वहिनी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" आलिडाने विचारलं.

"मी कुणाच्याच नाही. मी कॉफी घेतेय."

डॉमिनींनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं. "आलिडाबाईंनी रॉयला लिहिलं होतं, की तुझा विश्वास नाही एवढं पाळकांना लिहून कळव. त्याचं उत्तर सोमवारी आलं. माझ्या नावाने आलं, म्हणून ते अजून कुणी वाचलेलं नाही. वाचू?"

"वाचा," आलिडा म्हणाली. वेंडेलने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

डॉमिनींनी वाचलं. पत्र लहान होतं.

"पाळकसाहेब, आलिडा म्हणते मी विश्वास ठेवत नाही असं तुम्हाला लिहून पाहिजे. ठेवत नाही. तेव्हाही नव्हतो ठेवत. कबुलीच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं, की यातलं मला काही पटत नाही, मग मी खोटं बोलू का. ते म्हणाले, चार प्रश्न आहेत, चारदा होय म्हण, पुढचं देव बघून घेईल. हे आलिडाला सांगू नकोस, असंही म्हणाले. मला आलिडा पाहिजे होती. मी चारदा होय म्हणालो. सहा वर्षं दर रविवारी तिच्या शेजारी बसून मी हे खोटं गिळलं, मग मला गिळवेना. ती चांगली बाई आहे. तिला मोकळं करा. रॉय केसलर."

फेनाने कप बशीत ठेवला. तो जरा जोरात ठेवला गेला.

"खोटारडा!" हेसेल उठून उभाच राहिला. पाच मिनिटांपूर्वी तो बहिणीचा वकील होता. आता एका झटक्यात बापाचा झाला. "देवासमोर खोटं बोललो म्हणून स्वतःच्या हाताने लिहितो, आणि असल्या माणसाच्या शब्दावर आपण तीस वर्षांच्या पंचाला... डॉमिनी, हे पत्र वहीत लागणार नाही. मी लावणार नाही."

"मी त्याच्या शब्दावर काहीच ठरवत नाहीये," डॉमिनी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "एका विश्वास नसलेल्या माणसाच्या पत्रावर मंडळी मत देणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या गोठ्यात दोन माणसं होती. मी दुसऱ्याला विचारतोय."

"बाबा, एक अक्षर बोलू नका."

"त्यांनी का बोलू नये?"

हे मार्लीन म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिलाही आपल्या आवाजाचं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तू मध्ये पडू नकोस," हेसेल म्हणाला.

"पडणार. जूनमध्ये आपली बेट्सी उभी राहील. तो मुलगा तिच्या शेजारी होय होय म्हणेल. आणि तो मनातून काय आहे हे कुणा शहाण्याला आधीच माहीत असलं, आणि त्याने तिला सांगितलं नाही, तर? बाप असो नाहीतर आजोबा, मी त्याला सोडणार नाही, हेसेल. तुलाही नाही. बोलू दे त्यांना."

"अगं, तूच तर सकाळी म्हणत होतीस की—"

"सकाळी हे पत्र नव्हतं."

आलिडा बापाकडे बघत होती, आणि बाप खिडकीकडे.

*

फेनाला हे सगळं सतरा वर्षं माहीत होतं. त्या शनिवारी ती गोठ्यालगतच्या दुधाच्या खोलीत साय काढायच्या यंत्राचे भाग धूत होती, आणि मधली भिंत नुसत्या फळ्यांची होती. तिने रॉयचा प्रश्न ऐकला, नवऱ्याचं उत्तर ऐकलं, आणि भाग पुसून फडक्यावर ओळीने मांडले. वीबेला तिने कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही. तिला माहीत आहे हे मात्र त्याला कधीतरी कळलं होतं, कारण रॉय गेला त्या वर्षापासून तो जेवणानंतरच्या प्रार्थनेत रॉयचं नाव घेताना तिच्याकडे बघायचं टाळू लागला. ती लेकीसाठी रोज रडली होती, पण तोंड उघडलं नव्हतं. नवरा पंच होता. पंचाच्या बायकोने काय करायचं असतं, असं ती स्वतःला विचारायची, आणि दर वेळी उत्तर तेच यायचं.

आज उत्तर बदललं. का, ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित सुनेने आधी तोंड उघडलं म्हणून असेल.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही बोलताय की मी बोलू?"

वीबेने खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे ठेवले.

"मी बोलतो."

"बाबा—"

"बस खाली, हेसेल." त्याचा आवाज शांत होता. "तो म्हणतो तसंच झालं. मी तेच शब्द वापरले. चारदा होय म्हण, म्हटलं. तिला सांगू नकोस, हेही मीच म्हटलं."

डॉमिनींनी पत्राची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय सांगताय?" त्यांनी विचारलं.

"मला कळतंय. तुमच्या जन्माआधीपासून मी हे प्रश्न पोरांना शिकवतोय. ती त्याच्याशी लग्न करणारच होती. मी नाही म्हणालो असतो तर गेली असती स्यू सिटीला, केलं असतं कोर्टात, आणि मंडळीच्या प्रभुभोजनाला कायमची मुकली असती. मला ते नको होतं. आणि मला वाटलं, पोरगा चांगला आहे. तोंडाने म्हणत राहिला तर एक दिवस आत उतरेल. माझ्या बापाचं तसंच झालं होतं. चाळिशीपर्यंत त्याला काही पटत नव्हतं, मग एका हिवाळ्यात सगळं पटलं. म्हटलं, याचंही तसंच होईल. थोडा वेळ द्यायला हवा, एवढंच."

यात खोटं काही नव्हतं. वीबेचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं त्याला निभावता आलं. उघड लबाडी असती तर त्याने ती कधीच ओकून टाकली असती.

डॉमिनी आता हेसेलकडे किंवा वीबेकडे न बघता सरळ आलिडाशी बोलले. "मग मंडळीने ज्याला बंधू मानलं, तो बंधू नव्हताच. विश्वास नसलेला नवरा तुम्हाला सोडून गेला. अशा बाबतीत तुम्ही बांधलेल्या नाहीत. गुरुवारी पंचांपुढे मत होईल, पण हे ऐकल्यावर कुणी विरोध करेल असं मला वाटत नाही. हेसेल?"

"नाही," हेसेल म्हणाला. तो वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत होता.

"तुम्ही लग्न करू शकता, आलिडाबाई. इथे, आपल्या मंडळीत."

वेंडेल उभा राहिला. दुपारभरात तो पहिल्यांदाच बोलला. "मत गुरुवारी झालं, तर एप्रिलमध्ये जमेल का? मेमध्ये मका पेरायचा असतो."

मार्लीनला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. तिने रुमाल काढला आणि तो नाकाला लावून बसून राहिली.

"जमेल," डॉमिनी म्हणाले. मग ते म्हाताऱ्याकडे वळले, आणि त्यांचे हात पुन्हा कुठे जायचं ते विसरले. "वीबे, तुमच्याबद्दल... पंचाने जाणूनबुजून खोटी कबुली पुढे आणली. हे या खोलीत संपवता येणार नाही."

"मला माहीत आहे. रविवारी मी उभा राहीन."

आमच्याकडे उघड पापाची कबुली सकाळच्या उपासनेत देतात. पाळक नाव घेतात, ते माणूस आपल्या बाकावर उभं राहतं, आणि काय केलं ते वाचून होईपर्यंत एकटं उभं असतं. तेवढा वेळ बाकी सगळी मंडळी मान खाली घालून बसते. उभ्या माणसाकडे कुणी बघत नाही, पोरंसुद्धा नाहीत. ती आमची दया आहे. वीबेने पंच म्हणून अशी बावीस माणसं उभी केली होती, आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली होती.

*

आलिडाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, वेंडेलने मक्याचं नाव काढलं तेव्हा तिच्या छातीत खरोखर काहीतरी सुटलं. पण त्याच्या मागोमाग दुसरं एक वर आलं, आणि ते थांबेना.

डॉमिनी आणि हेसेल कोट घालत होते. फेना म्हणत होती, वेंडेल, आता जेवूनच जा, वाटाण्याचं सूप आहे. आलिडा उठली आणि बापाच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"रॉय गेला त्या शरद ऋतूत," ती म्हणाली, "मी इथेच येऊन तुम्हाला विचारलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"काय विचारलं होतं?"

"तू मोकळी आहेस का, ते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"थांब म्हणालो. तो बंधू आहे, परत येईल, थांब."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तो बंधू नाही."

"होतं."

"आलिडा," फेना दारातून म्हणाली, "बाळा, ते वाईट मनाने—"

"तुलाही माहीत होतं, आई. तू मला गोधड्या शिवायला शिकवलंस त्या हिवाळ्यात. वेळ जावा म्हणून." तिने आवाज चढवला नाही. "मी एकोणतीस वर्षांची होते, बाबा. मला मुलं हवी होती. मी तुम्हाला म्हटलंही होतं, या खोलीत, की मला मुलं हवी आहेत. आज तुम्ही जे एका मिनिटात सांगितलं, ते तेव्हा सांगितलं असतं तर तुमची पंचाची खुर्ची गेली असती. एवढंच. एक खुर्ची."

हेसेल दाराशी एक हात कोटाच्या बाहीत घालून थांबला होता. तो काही बोलायला गेला, पण मार्लीनने त्याच्या कोपराला धरून त्याला मागे ओढलं.

वीबेने आपली बाजू मांडली नाही. देवाचं नाव घेतलं नाही, आपल्या बापाची गोष्ट पुन्हा काढली नाही. "हो," तो म्हणाला. "तेवढंच होतं."

आलिडाने खुंटीवरून कोट घेतला. वेंडेल तो धरायला पुढे आला, तर तिने मान हलवली आणि स्वतःच घातला. बटणं लावली. मग ती दारापर्यंत गेली आणि तिथून परत वळली.

"रविवारी मी येईन," ती म्हणाली. "तुम्ही उभे राहाल तेव्हा सगळे मान खाली घालतील. मी नाही घालणार. वाचून होईपर्यंत मी तुमच्याकडे बघत राहणार आहे."

फेनाने तोंडावर हात धरला.

"बघ," म्हातारा म्हणाला. "कुणीतरी बघायला हवं."